कोळशातून दोनदा गाळलेलं

४ फेब्रुवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे सगळं गाळते. परवा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये चारचौघांसमोर तू मला बहीण मानायचं सोडलंस, तेव्हा मायन्याचा प्रश्न तूच मिटवलास. फोन उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवरून केला तर तिच्या हातातून घेऊन कापतोस. म्हणून कागदावर उतरले. वहिनी हे तुझ्या अवजारांच्या पिशवीत ठेवणार आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तू बोललास त्यातलं निम्मं खरं होतं, आणि तेच लागलं. "जन्मभर तुझ्या औषधाच्या गोष्टी ऐकल्या. आता माझ्या पोरीला लागतंय तर नियम सांगतेस?" सांगितल्यात खऱ्या. चार नातेवाईक जमले की मी सुरू व्हायचे. कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू मारील असा रेणू मी शोधला, मरायला टेकलेले उंदीर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पळायला लागले, आणि कंपनीने आमचा विभागच बंद केला. बंद का केला तेही मी रंगवून सांगायचे. अँटिबायोटिक माणूस आठवडाभर घेतो आणि विसरून जातो. त्यातून ते नवं आणि जालीम असेल तर डॉक्टर ते राखून ठेवतात, अगदीच घोडं अडलं तर काढायला. जे खपणारच नाही ते बनवायचं कशाला? कॅन्सरचं औषध माणूस वर्षानुवर्षं घेतो, म्हणून मला उचलून कॅन्सरच्या विभागात टाकलं. मी आदळआपट केली, मग रुळले, आणि तिथेच केस पांढरे केले.

तुझ्या ढब्बूच्या तीन गोळ्यांपैकी एकीच्या रेणूचा एक कोपरा माझ्या टेबलावर बदलला गेलाय, हे तू लिफ्ट दुरुस्त करायला जातोस त्या प्रत्येक इमारतीच्या वॉचमनला ठाऊक आहे. त्या गोळीने आपलं काम चोख केलं. तिच्या रक्तातला कॅन्सर जवळजवळ गेला. पण त्याच गोळ्यांनी तिच्या पांढऱ्या पेशीही झोपवल्या, आणि मैदान मोकळं मिळाल्यावर हा जंतू फुफ्फुसात येऊन बसला. आता एकच जुनं औषध त्याला थोपवून धरतंय, आणि ते तिच्या किडन्या खातंय. डॉक्टरीणबाईंनी हे तुला समजावलं होतं. मी पुन्हा लिहिते, कारण त्या बोलत होत्या तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास.

मी "देणार नाही" असं म्हणाले नव्हते. माझ्याकडे औषध नाही, असं म्हणाले होते. माझ्याकडे आहे ती कृती. तो रेणू नव्याने बनवावा लागेल, ज्यांच्या मालकीचा आहे त्यांची परवानगी लागेल, आणि माणसाच्या शिरेत सोडण्याआधी तो तपासावा लागेल. यातलं एकही वाक्य तू पूर्ण होऊ दिलं नाहीस. असो. उद्यापासून मी कामाला लागते.

तुझी (तू मान किंवा मानू नकोस)
बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि घडी घालून पिशवीतच ठेवलंस. माझ्यासाठी एवढं पुष्कळ झालं.

परवानगीचं सांगते. ज्या कंपनीत मी तो रेणू बनवला तिला एका मोठ्या कंपनीने गिळलं आणि त्या मोठीला तिच्याहून मोठीने. आता तो नक्की कुणाचा, हे कुणालाच माहीत नाही. एक वकील फार गोड बोलतो. प्रत्येक वेळी माझी चौकशी करतो, पेशंटची चौकशी करतो आणि मला दुसऱ्या वकिलाकडे टोलवतो. तो दुसरा रजेवर आहे. मी त्याला रोज फोन करते आणि रोज त्याच बाईचा टेप केलेला तोच आवाज ऐकते. डॉक्टरीणबाई मात्र आपल्या बाजूच्या आहेत. मालकाची संमती आणि शुद्धतेचा दाखला आणला तर त्या स्वतः हॉस्पिटलच्या समितीपुढे उभ्या राहणार आहेत.

आमच्या साहेबांकडे गेले. हा माणूस बोलताना सारखा मनगटाकडे बघतो म्हणून आम्ही त्याला घड्याळ म्हणतो. म्हटलं, भाचीसाठी जुना रेणू बनवायचाय, कंपनीच्या जागेत, कंपनीच्या सामानात. त्याने पहिल्यांदाच मनगटाकडे पाहिलं नाही. म्हणाला, मी हे ऐकलेलं नाही, आणि कोपऱ्यातलं टेबल महिनाभर रिकामं आहे. जन्मभर त्याची नक्कल करत आले, आता करवणार नाही.

मास्तरही आले. तुला आठवत असतील, आधी शाळेत शास्त्र शिकवायचे आणि मग आमच्या प्रयोगशाळेत आले ते. त्या रेणूची तेव्हाची प्रत्येक बॅच त्यांच्याच हातची. निवृत्त होऊन जमाना झाला, गुडघे कुरकुरतात, पण फोनवर "कधी येऊ?" एवढंच विचारलं. माझी गंमत म्हणजे इतकी वर्षं मी मीटिंगा घेतल्या, माणसं हाताळली, काचेला हात लावला नव्हता. पहिल्याच दिवशी एक फ्लास्क फोडला. मास्तरांनी झाडू आणून दिला.

ढब्बूला सगळं सांगितलं. तिने नळ्यांच्या जंजाळातून विचारलं, "उंदरांना काय काय झालं होतं?" म्हटलं, आधी मरायला टेकले, मग पळायला लागले. "मग ठीक आहे. मी उंदरांपेक्षा चिवट आहे." आणि तरण तलावावर ती ज्यांना पोहायला शिकवायची त्या पोरांना आता कोण शिकवतंय याची चौकशी करत बसली. नवा शिक्षक पोरांना फार पाण्यात सोडत नाही म्हणून तिला राग आलाय.

रिपोर्ट ठीक आहेत. काळजी करू नकोस.


२० फेब्रुवारी

दादा,

झालं. बनलं.

मी बातमी अशी फटकन देत नाही, तुला माहीत आहे, पण आज राहवत नाही. वकिलाची संमती सकाळी आली. त्या रजेवरच्या माणसाने परत आल्या आल्या दोन ओळींत "हरकत नाही" लिहून पाठवलं. ज्याच्यासाठी मी इतके दिवस तळमळले ते त्याने जेवायला जाता जाता केलं असावं. समिती शुक्रवारी बसणार आहे. आणि दुपारी तीनच्या सुमाराला मास्तरांनी बाटली उजेडात धरली.

इतकी पांढरी पूड आम्ही दोघांनीही कधी काढली नव्हती. आमच्या जुन्या बॅचेस सगळ्या किंचित पिवळ्या असायच्या. तेव्हा मी कधी कुरकुर केली तर मास्तर म्हणायचे, रंगाशी काय करायचंय, जंतू मारते ना? आणि ते बरोबरच होतं, उंदीर रंगाबद्दल तक्रार करत नाहीत. पण हे माणसाला द्यायचं, त्यातून आपल्या ढब्बूला, म्हणून मी हट्टाने ते कोळशातून गाळलं. साधा चुलीतला कोळसा नव्हे, औषधं स्वच्छ करायचा बारीक असतो तो. रंग, मळ, काय असेल ते धरून ठेवतो. एकदा गाळलं, रंग गेला. मास्तर म्हणाले बास. मी पुन्हा एकदा गाळलं. थोडं वाया गेलं, जाऊ दे. मशीनवर लावलं तर नावालाही मळ नाही.

आता हे ढब्बूच्या जंतूवर लावून बघायचं. हॉस्पिटलने तिच्या फुफ्फुसातला जंतू आमच्या जंतूवालीकडे पाठवलाय. ती माझी जुनी मैत्रीण, जंतूंना पोटच्या पोरांसारखं वाढवते. एका बशीत जंतू पसरायचे, मध्ये आपलं औषध ठेवायचं आणि वाट बघायची. औषध लागू पडलं तर त्याच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. शनिवारपर्यंत कळेल.

वहिनी म्हणाली, तू ढब्बूला सांगूनही टाकलंस की आत्याचं औषध तयार आहे. थोडं थांबला असतास तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा बघून मला तुझ्यावर रागावता आलं नाही. आणि काल वॉर्डाच्या लिफ्टपाशी आपण समोरासमोर आलो तेव्हा तू दार धरून ठेवलंस.


२५ फेब्रुवारी

दादा,

कसं लिहू ते समजत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

शनिवारी बशी उघडली. वर्तुळ नव्हतं. औषधाच्या अंगावरसुद्धा जंतू वाढले होते. जंतूवाली म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं असेल, परत करू. परत केलं. जास्त औषध घातलं. मग ज्या जुन्या जंतूंना आमचा रेणू हमखास मारायचा, तिने फ्रीजमध्ये अजून जपलेले, त्यांच्यावर लावलं. काही नाही. मशीन म्हणतं रेणू तोच, तसूभर फरक नाही. आणि जंतू मजेत.

मास्तर उठून घरी गेले. मला वाटलं आता परत येणार नाहीत. तासाभराने ते एक बोटभर बाटली घेऊन आले. निवृत्त होताना त्यांनी आमच्या शेवटच्या बॅचची चिमूटभर पूड आठवण म्हणून ठेवली होती. पिवळसर. ती लावली. आज सकाळी बशी उघडली तर मध्ये एवढं मोठं वर्तुळ, पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. ढब्बूचा जंतू मेला होता.

दादा, जंतूंना आमचा रेणू मारतच नव्हता. तो पिवळेपणा मारत होता. आमच्या पुडीत शंभरात एक भागही नसेल असा कुठलासा मळ होता, आणि जे काही करायचं ते तो करत होता. बॅचेस सगळ्या एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, एकाच ठिकाणच्या सामानातून बनवलेल्या, म्हणून मळही प्रत्येकीत तोच आला. उंदीर त्यानेच बरे झाले. तुझ्या भाषेत सांगायचं तर तू बसवलेल्या मोटरचं नाव झालं, आणि लिफ्ट आपली भलतंच कुणीतरी ओढत होतं. त्याला मी परवा कोळशातून गाळून फेकून दिलं. एकदा नाही, दोनदा.

मास्तरांची चिमूट त्या बशीत संपली. तू विचारशील, ती ढब्बूला का नाही दिली. तिच्या एका वेळच्या डोसाला तसल्या पन्नासेक चिमटी लागतील. विचारशील म्हणून आधीच लिहिलं.

ज्या औषधाच्या गोष्टी तू जन्मभर ऐकल्यास ते औषध नव्हतंच. मी खोटं सांगत नव्हते, मला माहीत नव्हतं. शुक्रवारी समितीने होकार दिला होता, तो डॉक्टरीणबाईंना फोन करून परत घ्यायला लावला.


२ मार्च

दादा,

तुझा निरोप मिळाला. वहिनी रडत रडत सांगत होती, त्यामुळे शब्द जसेच्या तसे आहेत की नाही देव जाणे, पण अर्थ पोचला. तुझं म्हणणं असं: मी खोटं बोलते. कंपनीने माझं तोंड बंद केलं. औषध आहे, पण माझी नोकरी जाईल म्हणून मी ते बशीत फुकट घालवलं. आणि ढब्बूला यातलं एक अक्षर सांगायचं नाही, तिला आशेवर राहू द्यायचं.

पहिल्यांदा मला इतका राग आला की काल लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. आज शांत आहे. शांत म्हणजे थकले आहे.

तुझ्या समजुतीसाठी नाही, पण काय काय केलं ते लिहिते. तो वापरलेला कोळसा कचऱ्यातून काढून धुतला. जे जे सापडलं ते सगळं बशीत लावलं. काही निघालं नाही, कोळसा एकदा धरतो ते सहज सोडत नाही. मग नवी बॅच केली, कोळसा न लावता. ती पिवळी झाली. मास्तर आणि मी एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसलो. वर्तुळ उमटलं नाही. ते पिवळं वेगळं होतं. तेव्हा एक कच्चा माल आम्ही एका बारक्या कारखान्यातून आणायचो. स्वस्त आणि अस्वच्छ, मी तेव्हाही कुरकुर करायचे. तो कारखाना बंद पडला. आताचा माल चकचकीत स्वच्छ येतो. त्या माणसाच्या मळकट पिंपात काय होतं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्याच्या मुलाचा पत्ता काढून फोन केला. तो म्हणाला, बाबा गेले, पिंपं भंगारात गेली, ताई तुम्ही ठीक आहात ना?

शोधून काढता येईल. दोन वर्षं, चांगली चार माणसं. मी हे आमच्या तरुण लोकांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले, असला प्रश्न नशिबाने मिळतो. मलाही एरवी तसंच झालं असतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

आणि आता एक जे मी लपवलं. ११ तारखेला मी रिपोर्ट ठीक आहेत असं लिहिलं, ते ठीक नव्हते. किडन्या तेव्हाच खाली चालल्या होत्या. मला वाटलं, औषध बनेपर्यंत एवढं सावरून नेऊ, नंतर तुला सांगायचं कारणच उरणार नाही. काल डॉक्टरीणबाईंनी ते जुनं औषध बंद केलं. आणखी दिलं असतं तर त्यानेच गेली असती. त्यांनी वहिनीला सांगितलं, वहिनीने तुला सांगितलं नाही, तू मला सांगतोस की ढब्बूला सांगू नकोस. सगळे एकमेकांना सांभाळतोय आणि ती मधे एकटी पडलीय.

मी माझ्या हाताने आजवर इतके रेणू बनवले. त्यातला एकही मला आता उपयोगी नाही. असं मी कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं.


६ मार्च, दुपार

दादा,

मी ढब्बूला सांगितलं. तू नको म्हणाला होतास. तुझा शब्द मोडला, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

आज सकाळी मी नेहमीसारखी उभ्या उभ्याच आले होते. हे गेले कित्येक दिवस असंच चाललंय. यायचं, कपाळावर हात ठेवायचा, नर्सशी बोलायचं, आणि प्रयोगशाळेत पळायचं. तिला बोलायला दम लागतो. तिने हाताने थांब अशी खूण केली. मग एकेक शब्द करत विचारलं, "आत्या, औषध कधी होणार?"

चाललंय असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तुझ्यासाठी म्हणणारच होते. पण ती माझ्याकडे कशी बघत होती ते तू पाहिलं नाहीस. ती मला पकडायला बघत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, किती दिवस दम धरायचा ते. खोटं सांगितलं असतं तर ती तेवढे दिवस स्वतःला रेटत राहिली असती, दुखत असताना, न येणाऱ्या गोष्टीसाठी.

म्हटलं, "ढब्बू, औषध नाहीये. मला वाटलं होतं आहे. नाहीये."

तिने नजर छताकडे वळवली. मला वाटलं आता रडेल किंवा तुझ्यासारखी तोंड फिरवेल. मी उभीच होते, पर्स खांद्याला. मग तिने विचारलं, "म्हणजे उद्या तुला प्रयोगशाळेत जायचं नाही?"

नाही म्हटलं.

"परवा?"

परवाही नाही.

तिने भिंतीच्या बाजूला सरकायचा प्रयत्न केला. सरकता येत नाही तिला, नळ्या ओढल्या जातात, पण तिने माझ्यासाठी वीतभर जागा केली. म्हणाली, "मग बस ना आता."

दादा, मी तिला वाचवायला म्हणून जे धावले ते सगळं तिच्यापासून लांब धावले. तूही तेच करतोयस. या डॉक्टरकडे, त्या डॉक्टरकडे, हे इंजेक्शन आण, त्या शहरातल्या माणसाला विचार. वहिनी सांगत होती, आजही तू कुणाला तरी भेटायला दोन तास लांब गेला आहेस. मी तुला अडवत नाही. मी कोण अडवणार, मी कोळसा धूत बसले होते.

मी सकाळपासून त्या वीतभर जागेत बसले आहे. पाय बधिर झालाय, हलवत नाही. तिने मधे दोनदा डोळे उघडले, दोन्ही वेळा आधी दाराकडे बघितलं. ती माझ्यासाठी बघत नव्हती, मी तर शेजारीच होते.

भांडण नंतर करू. तुला वाटतं मी खोटी आहे, तर वाटू दे, मला चालेल. मी उठून बाहेर बाकावर बसेन, तुला माझं तोंडही दिसणार नाही. तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र वहिनीजवळ देऊन तिला तुझ्याकडे पाठवते आहे.

लगेच ये. काही आणू नकोस.